वाचक विचारतात, बाई सांगतात : डॉनचिचच्या बदल्यात डेव्हिसच का?

प्रश्न : बाई, आमच्या गावात टेनिस बॉल क्रिकेटची लीग होते. लिलावात प्रत्येक संघमालकाला एक लाख पॉइंट मिळतात. ते संपले की मालक गप्प बसतो. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्येही पगाराची मर्यादा आहे म्हणतात, मग तिथले बहुतेक संघ मर्यादेच्या वर कसे? आणि लेकर्सकडे एवढा पैसा असताना लुका डॉनचिचसाठी त्यांनी अँथनी डेव्हिस का दिला? पैसे मोजून घ्यायचा ना!
— अकरावीतला विद्यार्थी, खानापूर तालुका

उत्तर : ती बातमी आली तेव्हा मी टिळकवाडीतल्या घरी मटार सोलत बसले होते. २ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळचे पावणेअकरा. नातू मोबाईल नाचवत आला, ‘आजी, डॉनचिच लेकर्सला!’ मी म्हटलं, आधी दोघांचा पगार बघ. डॉनचिचचा त्या हंगामाचा पगार होता साधारण ४ कोटी ३० लाख डॉलर आणि डेव्हिसचा ४ कोटी ३२ लाख. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

तुमच्या लीगची मर्यादा पक्की आहे, एनबीएची सैल. १९८४-८५ साली ती पुन्हा आणली तेव्हा अख्ख्या संघाला ३६ लाख डॉलर ठरले होते. पण स्वतःचा जुना खेळाडू टिकवायचा असेल तर मर्यादा ओलांडायची मुभा ठेवली. बॉस्टनच्या लॅरी बर्डचं नाव त्या मुभेला चिकटलं ते आजतागायत. म्हणून संघ मर्यादेच्या वर दिसतात. त्यांनी नियम मोडलेला नसतो, आपली माणसं धरून ठेवलेली असतात.

आता एकदा वर गेल्यावर बाहेरचा मोठा खेळाडू आणायचा कसा? पैसे देऊन नाही. ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, थोडी रोख देता येते, पण तिनं पगाराची भरपाई होत नाही. पगार घ्यायचा तर जवळपास तेवढाच पगार द्यावा लागतो. ४ कोटींचा डॉनचिच हवा तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ४ कोटींचं काहीतरी ठेवायला हवं, आणि लेकर्सकडे लेब्रॉन सोडून तेवढ्या वजनाचा एकच माणूस होता. (डॉनचिचच्या तेव्हाच्या संघाला, डलासला, डेव्हिस मनापासून हवा होता हेही खरंच. पण तसं नसतं तरी लेकर्सला पारडं भरायला दुसरं फारसं काही नव्हतं.)

हे ‘जवळपास’ किती, ते संघाच्या एकूण खर्चावर ठरतं. २०२५-२६ च्या हंगामाचे आकडे घे : मूळ मर्यादा १५ कोटी ४६ लाख डॉलर. १८ कोटी ७८ लाखांपुढे दंडासारखा कर सुरू होतो. त्याच्या वर दोन रेघा आहेत, त्यांना ‘ॲप्रन’ म्हणतात : पहिली १९ कोटी ५९ लाखांवर, दुसरी २० कोटी ७८ लाखांवर. पहिल्या रेघेच्या खाली असाल तर दिल्यापेक्षा थोडा जास्त पगार घरी आणता येतो. तिच्या वर गेलात की एक डॉलरही जास्त नाही. दुसरीच्या वर गेलात की दोन खेळाडूंचे पगार एकत्र बांधून एक मोठा खेळाडू घेताच येत नाही. एक देऊन दोन घ्या, चालेल. दोन देऊन एक घ्या, बंद.

आता एका खेळाडूची गोष्ट सांगते, कारण हे सगळे नियम त्याच्या अंगावरून गेलेत. ब्रूस ब्राउन. बचाव चोख, धावतो भरपूर, जाहिरातीत फारसा दिसत नाही. डेन्व्हरनं २०२३ साली विजेतेपद मिळवलं त्यात त्याचा मोठा हात होता. पगार मात्र सुमारे ६५ लाख डॉलर. डेन्व्हरला तो हवा होता, त्यालाही राहायचं होतं. पण बर्डची पूर्ण मुभा मिळायला खेळाडूनं साधारण तीन वर्षं त्या संघात काढावी लागतात आणि याचं एकच झालं होतं. डेन्व्हर मर्यादेच्या वर, म्हणजे आधीच्या पगारावर फक्त वीस टक्के वाढ देता येणार : ७८ लाख. इंडियानानं दोन वर्षांचे साडेचार कोटी पुढे केले. तो गेला. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते.

पण इंडियानाला एवढे पैसे देणं का परवडलं, ते बघ. तेव्हा त्यांच्याकडे मर्यादेखाली रिकामी जागा होती. त्या जागेत त्यांनी खेळाडू तर घेतलाच, शिवाय वर्षाला २ कोटी २० लाखांचं एक वजन तयार करून ठेवलं. जानेवारी २०२४ मध्ये टोरांटोचा पास्कल सियाकम मिळण्यासारखा झाला, पगार पावणेचार कोटींच्या वर. इंडियानानं ब्राउनचा करार पारड्यात टाकला, सोबत दुसरे लहान करार आणि पहिल्या फेरीचे तीन पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) खेळाडू निवडण्याचे हक्क. पारडं बरोबर झालं. त्याच सियाकमसोबत इंडियाना २०२५ च्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत पोचलं.

आणि ब्राउन? फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरांटोला ब्रँडन इंग्रम हवा होता, पगार ३ कोटी ६० लाख. पुन्हा ब्राउनचे २ कोटी ३० लाख आणि केली ओलिनिकचे सव्वा कोटीच्या आसपास, बेरीज करून बघ. तो न्यू ऑर्लिन्सला गेला. आपल्या भाजी मंडईत काटा सरळ करायला पासंग ठेवतात ना, तसं त्या माणसाला दोनदा ठेवलं. एवढ्या मोठ्या पगारावर का ठेवलं असेल, याचं उत्तर बरंचसं त्या ठेवण्यातच आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात तो किमान पगारावर डेन्व्हरला परतला. ते वाचून मला फार बरं वाटलं.

ट्रेडच्या बातमीत आता आधी करार किती वर्षांचा, किती रकमेचा आणि कधी संपतो ते वाच. खेळाचे आकडे नंतर.

प्रश्न : बॉस्टन २०२४ चा विजेता. वर्षभरात ज्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांना घालवलं. टेटम जायबंदी झाला म्हणून आशा सोडली, की मालकांना पैसा जड झाला?
— फाउंड्री कामगार, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : दादा, टेटमची दुखापत मे २०२५ मधली, आणि तिनं निर्णय सोपा केला हे खरं. पण निर्णय त्याआधीच दाराशी येऊन बसला होता. बॉस्टन वर सांगितलेल्या दुसऱ्या रेघेच्या पुढे गेलं होतं, आणि तिथं राहण्याची शिक्षा पैशापुरती नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक गोठवला जातो, ट्रेडमध्ये देता येत नाही. पुढच्या चारपैकी दोन वर्षं पुन्हा वर राहिलात तर तो पिक फेरीच्या अगदी शेवटी ढकलतात, संघ तेव्हा तळाला असला तरी. सात वर्षांनंतरच्या पोरांचं आज गहाण टाकल्यासारखं आहे ते. म्हणून हॉलिडेचे ३ कोटी २४ लाख देऊन पोर्टलंडच्या सायमन्सचे २ कोटी ७७ लाख घेतले. पगार कमी होत असेल तर त्या रेघेवरूनही सौदा करता येतो, आणि तिथल्या संघाला बहुतेक वेळा खाली उतरण्याचेच सौदे उरतात.

माझं मत विचारलं नाहीत, तरी सांगते. रेघ हवीच. नाहीतर सगळे तारे दोन-तीन श्रीमंत शहरांत गोळा होतील. पण टेटमला बॉस्टननं २०१७ साली ड्राफ्टमध्ये घेतला, जेलन ब्राउनला २०१६ साली. घरात वाढवलेल्या खेळाडूचा पूर्ण पगार रेघेत धरणं मला अन्यायाचं वाटतं. अर्धा धरा. मी हे दुरून बोलत नाही. पाचवीपासून माझ्याकडे शिकलेली एक मुलगी नववीत दुसऱ्या शाळेनं फी माफ करून नेली. तिचं भलं झालं, मला आनंद आहे, पण आमचा संघ त्या वर्षी पाच मुलींचाच राहिला. वाढवणाऱ्याच्या हातात काहीतरी राहावं असा नियम खेळात असायला हवा.

प्रश्न : बाई, मुलींच्या डब्ल्यूएनबीएमध्येही हेच चालतं का?
— नववीतली खेळाडू, निपाणी

उत्तर : नाही गं, २०२५ पर्यंत तिथली मर्यादा तुझ्या खानापूरच्या दादाच्या लीगसारखी पक्की होती. २०२५ च्या हंगामात पूर्ण संघाला १५ लाख ७ हजार १०० डॉलर, त्याच्या वर काही नाही, बर्डसारखी मुभा नाही. एका मोठ्या खेळाडूला वाढ दिली की ती बाकावरच्या कुणाच्या तरी पगारातून यायची. बाराऐवजी अकराच खेळाडू ठेवून दिवस काढणारे संघ होते, ते याचमुळे. अदलाबदलीत हजार-हजार डॉलर मोजावे लागायचे.

वर ब्रूस ब्राउनचे २ कोटी ३० लाख लिहिलेत ना, ते वहीत काढून ठेव. त्याच्याखाली १५ लाख ७ हजार १०० गुणिले १३ कर. २०२५ मध्ये तेराच संघ होते. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघ, आणि तुझ्या सरांनाही दाखव.