सिगारेट सोडली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा ओढली जाते. काय करावं?

पहिले तीन-चार दिवसच सगळ्यात अवघड असतात, त्यामुळे आपल्यात जिद्दच नाही असं अजिबात समजू नका. निकोटिन बंद झालं की चिडचिड होते, झोप उडते, कशात लक्ष लागत नाही. हे दोन ते चार आठवड्यांत बरंच उतरतं. तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ टपरीपासून लांब राहा. हातात कटिंग, बाजूला मित्राने पेटवलेली आणि दोरीला टांगलेला लायटर, एवढं समोर असलं की हात आपोआप जातो. महिनाभर चहा दुसरीकडे प्या.

मेडिकलमध्ये निकोटिनचं च्युइंगम मिळतं. पण ते साध्या च्युइंगमसारखं भराभर चघळलं तर उचकी लागते, मळमळतं. हळू चावा, तोंडात झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, झणझण कमी झाली की पुन्हा चावा. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि १८००-११-२३५६ या मोफत सरकारी क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोन हेल्पलाइनवर, जरूर बोला.