जागा भरतात, माणसं टिकत नाहीत

प्रश्न : आमचं तीनशे खाटांचं रुग्णालय आहे, मी तिथे मनुष्यबळ विभाग सांभाळते. स्टाफ नर्सच्या जागा कायम रिकाम्या. आता व्यवस्थापन म्हणतं, भरतीचं सगळं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. ती कंपनी 'जोडलेल्या डेटा'च्या जोरावर भरती सुधारू म्हणते. ताई, द्यावं का हे काम? आणि हा जोडलेला डेटा म्हणजे नेमकं काय?

उत्तर : द्या, पण त्याआधी एक काम स्वतः करा. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्या प्रत्येक नर्सची एकेक ओळ मांडा. कधी रुजू झाली, कोणत्या वॉर्डात, कुणामार्फत आली, पहिली नाइट कधी लागली, महिन्याला डबल ड्यूट्या किती, राजीनामा कधी दिला. यातलं बहुतेक तुमच्या रुग्णालयात लिहिलेलं असतंच. भरतीचं तुमच्या एक्सेलमध्ये, ड्यूट्यांचं मेट्रनच्या, म्हणजे मुख्य परिचारिकेच्या, रोस्टरवर, ओव्हरटाइमचं पगार विभागात. एका कर्मचारी क्रमांकावर हे तिन्ही एकत्र आणले की झाला जोडलेला डेटा. कंपनीचं सादरीकरण बघून दबून जाऊ नका.

मी आधी वॉर्डात काम केलं आणि मग भरतीच्या टेबलावर आले. तिथे पहिलं भांडण वॉर्डांच्या नावांवरून झालं. रोस्टरवर 'आयसीयू दोन', आमच्या फायलीत 'क्रिटिकल केअर', पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता आकडा; वॉर्ड मात्र एकच. त्यामुळे वर्षभर तीच ती जागा पुन्हा पुन्हा भरत होतो, आणि दर वेळी ती नवी जागा म्हणून मोजली जात होती. नावं सारखी केल्यावर दिसलं की गळती दोनच वॉर्डांत आहे, आणि सोडून जाणाऱ्यांतल्या बऱ्याच जणींना हात बसण्याआधीच नाइटला एकटं टाकलेलं आहे. मेट्रनबाईंनी नियम केला : सोबत जुनी सिस्टर असल्याशिवाय नवीला नाइट नाही. मग त्या वॉर्डांची नव्या नर्ससाठीची मागणीपत्रं कमी येऊ लागली. जाहिरातीवर किती खर्च केला असता तरी हे झालं नसतं.

व्यवस्थापनाला हे पटत नसेल तर लिंडा एकन आणि सहकारी संशोधकांचा 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातला २००२चा अभ्यास समोर ठेवा. एका नर्सवर एक रुग्ण वाढला, तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स थकून जाण्याची २३ टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणजे एक जागा रिकामी राहिली की तिचा भार उरलेल्यांवर पडतो आणि त्यातूनच पुढचा राजीनामा येतो. शिवाय कंपनी काही नर्स घडवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालाप्रमाणे २०२३मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि ५८ लाखांची कमतरता होती. त्याच अपुऱ्या माणसांतून सगळे ओढत असतात.

मग बाहेरच्या कंपनीचा उपयोग काय? वेग. मागणीपत्रावर सही, मुलाखत, ऑफर लेटर, नोंदणीची पडताळणी, रुजू होणं, या प्रत्येक टप्प्याची तारीख लिहून बघा. उमेदवार शोधण्यापेक्षा सहीसाठी आणि मुलाखतीची वेळ जुळवण्यात जास्त दिवस जातात, असं मी अनेकदा पाहिलं आहे. तोवर चांगली नर्स दुसरीकडे रुजू झालेली असते. फोन करणं, पाठपुरावा, कागदपत्रं गोळा करणं ही कामं कंपनी मन लावून करते, कारण तिचं तेच काम आहे. सही लवकर करणं मात्र तुमच्या साहेबांच्याच हातात.

करारात मी चार गोष्टींवर अडून बसेन. माणूस रुजू झाल्यावर कंपनीला पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. ठरावीक वाटा वर्षभर टिकल्यावर. अर्जांची सगळी माहिती रुग्णालयाची, करार संपला तरी. अंतिम निवडीत त्या वॉर्डाची इन-चार्ज सिस्टर हवीच. आणि अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर वापरणार असतील, तर नाकारलेल्यांची यादी दर महिन्याला मागवा. अॅमेझॉनचं असं साधन जुन्या अर्जांवरून शिकून बायकांचे अर्ज खाली ढकलत होतं आणि त्यांना ते बंद करावं लागलं, ही बातमी २०१८ची. आपल्याकडे बाळंतपणासाठी काही वर्षं थांबलेली अनुभवी सिस्टर अशीच वगळली जाईल.

परवाना आणि मागच्या नोकरीची चौकशी मात्र पूर्णपणे कंपनीवर सोडू नका. अमेरिकेत चार्ल्स कलन हा नर्स सोळा वर्षं एका रुग्णालयातून दुसऱ्यात जात राहिला. काही ठिकाणी संशय होता, तरी पुढच्यांपर्यंत तो पोचलाच नाही. २००३मध्ये अटक झाल्यावर त्याने किमान २९ खून कबूल केले. तेव्हा नर्सेसच्या नोंदणी परिषदेकडून थेट खात्री करा आणि मागच्या मेट्रनला स्वतः फोन लावा. दाखल्यात नसतं ते आवाजात कळतं.

प्रश्न : एक एजन्सी परदेशातून नर्स आणून देऊ म्हणते. खर्च उमेदवारांकडूनच घेणार, आम्हाला काही पडणार नाही. घ्यावं का?

उत्तर : नको. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७च्या १८१व्या करारात कामगारांकडून असे पैसे घेऊ नयेत हेच मूळ तत्त्व आहे, अपवाद थोडेच. कर्ज काढून आलेली नर्स वॉर्डात काही चुकतंय हे दिसलं तरी तोंड उघडायला घाबरते, हे तुमच्या रुग्णांनाही महागात पडेल. खर्च रुग्णालय करणार असेल, तरी आधी आरोग्य संघटनेची २०२३ची यादी पाहा. तिच्यातल्या ५५ देशांत आरोग्यसेवकांची तीव्र चणचण आहे आणि तिथे जाऊन धडाक्याने भरती करू नये असं संघटना सांगते.