तुझे ठिपके फार लवकर पळतात

बेटा,

मार्केटला आग लागली की लोक कसे बाहेर पडतात, याचं तुझं सिम्युलेशन दोनदा चालवून पाहिलं; एक ठिपका म्हणजे एक माणूस. भोंगा वाजला की चारशे ठिपके त्याच सेकंदाला जवळच्या दाराकडे! असं मार्केट मी तरी जळगावात पाहिलं नाही.

मागे आमच्या बाजूच्या गाळ्यात मीटर जळालं, धूर सगळा जिन्यात. समोरचा कापडवाला आधी म्हणे "काही नाही भो, वेल्डिंग चालू असंल", मग गल्ल्याला कुलूप, मग पोराला फोन, मग शटर ओढलं आणि परत वर केलं कारण गाडीची चावी आत राहिली. आणि उतरला कुठून, तर रोजच्याच जिन्याने, धुरातून. मागचा जिना वीस पावलांवर, पण तिथून फक्त हमाल जातात ना. मीपण त्याच्याच मागे गेलो बरं का, आणि मी म्हणे हे शिकवतो!

गर्दीचा अभ्यास करणाऱ्या हेल्बिंगचं सोशल फोर्स मॉडेल घेतलंस ते बरं केलंस, म्हणजे माणसं एकमेकांना आणि भिंतींना बल लावत सरकतात असं धरायचं ते. घाई वाढली की दारात माणसं कमानीसारखी अडकतात आणि उलट हळू निघतात, हे त्यांच्या 2000 च्या पेपरमधलं तुझ्यातही नीट दिसतंय. पण ते धक्काबुक्कीचं गणित झालं. माणूस जागेवरून कधी हलणार, कोणाला शोधत उलटा फिरणार, हे तुलाच घालावं लागेल. 1973 ला ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर समरलँड या करमणूक केंद्राला आग लागली तेव्हा कितीतरी आईबाप दार सोडून पोरं शोधायला गर्दीच्या उलटे गेले होते.

आणि ठिपके किती घाबरलेत याचा तो एकच आकडा, 'पॅनिक = 0.8', काढून टाक. 22 जानेवारी 2025 आठव, आपल्याच पाचोऱ्याकडचं. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा, चेन ओढली, लोक खाली उतरले आणि बाजूच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. लोकांना वेड लागलं म्हणून सोडून द्यायचं का आपण? आग खरी असती तर उतरणं बरोबरच होतं की. डब्यात 'आग' हा शब्द पोचला, 'गाडी येतेय' हे पोचलं नाही, त्यात तिथं रुळाला वळण. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला काय माहितीये, कोणाकडून कळलं आणि किती वेळाने, हा कॉलम हवा. तुझ्या फाइलमध्ये तो नाहीच.

रविवारी संध्याकाळी ये, गर्दी असते तेव्हा. स्टॉपवॉच आण, आणि मागच्या जिन्याने वर ये, सापडतो का बघू.