लग्नाच्या शंभर पत्रिका घरच्या घरी हाताने करायच्या असतील तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की लग्नाला तीन महिने आहेत, शंभरेक पत्रिका घरीच करायची इच्छा आहे, दोघांचीही नोकरी आहे, टेबल एकच आणि प्रिंटर साधा इंकजेट. एवढ्यात जमेल का?

जमेल, पण डिझाइनच्या आधी एक हिशेब करा. एका पत्रिकेला किती वेळा हात लावावा लागणार आहे, ते मोजा. छापणं, कापणं, घडी घालणं, आत कागद चिकटवणं, रिबन बांधणं, पाकिटात भरणं. यातली प्रत्येक गोष्ट शंभर वेळा करायची आहे. घरी पत्रिका करणारे बहुतेक जण कलाकुसरीत कमी पडत नाहीत, ते या गुणाकारात अडकतात. म्हणून माझा आग्रह असा की छपाई, एक काप, एक घडी आणि हाताने केलेली एकच खास गोष्ट, एवढ्यावर थांबा. ती एक गोष्ट मात्र मन लावून करा.

शंभर हा आकडाही तपासून घ्या. यादी माणसांची आहे की घरांची? पत्रिका एका घराला एक जाते. घरं शंभर असतील तर ११० पत्रिका धरा, कारण काही कापताना जातात, काही पत्ता लिहिताना. पाकिटं ११५ घ्या. पत्रिकेपेक्षा पाकिटंच जास्त खराब होतात.

आता आकार. A4 कार्डशीटचे मधोमध दोन तुकडे केले की दोन A5 मिळतात. प्रत्येकाची घडी घातली की A6 ची, म्हणजे १०५ × १४८ मिमीची पत्रिका तयार होते. ती C6 पाकिटात (११४ × १६२ मिमी) आरामात बसते. ५५ शीटमध्ये ११० पत्रिका होतात आणि कागद जवळजवळ वाया जात नाही. चौकोनी किंवा लांबट पत्रिका दिसते छान, पण तिच्या मापाचं तयार पाकीट मिळेलच असं नाही. मग पाकीटही हाताने करावं लागतं आणि काम दुप्पट होतं.

कागद घेताना लोक रंग आणि जाडी बघतात, धाग्याची दिशा बघत नाहीत. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने असतात. घडी त्या दिशेला समांतर पडली तर सरळ आणि गुळगुळीत येते. आडवी पडली तर तंतू मोडतात आणि घडीच्या कडेवर पांढऱ्या चिरा दिसतात. गडद रंगाच्या किंवा घडीवर छपाई असलेल्या कागदावर त्या फारच खुपतात. दिशा ओळखायची असेल तर शीट आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून, न मोडता हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने ती कमी विरोध करते, त्या वाकाला समांतर तंतू आहेत. शंका वाटली तर कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने पाण्याने ओला करा. तो गुंडाळला जातो आणि गुंडाळीची लांबी तंतूंच्या दिशेने असते.

A4 कार्डशीटमध्ये तंतू बऱ्याचदा लांबीच्या दिशेने असतात. अशी शीट अर्धी कापली की तंतू १४८ मिमीच्या बाजूने येतात आणि A6 ची घडीही त्याच बाजूला समांतर पडते. त्याच शीटची न कापता A5 पत्रिका केली तर घडी तंतूंना आडवी जाते आणि चिरते. घडी फाटते म्हणून लोक महाग कागद आणतात, तेव्हा आधी हे तपासून बघावं.

जाडी २०० ते २२० जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) ठेवा. ३०० जीएसएमचा कागद हातात भारदस्त लागतो, पण ज्या प्रिंटरमध्ये कागद पुढून जाऊन आतल्या आत वळून पुढेच बाहेर येतो, त्यात तो अडकतो. मागून सरळ कागद घेणारा ट्रे असेल तर तोच वापरा. तुमच्या प्रिंटरला किती जाड कागद चालतो ते त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. हातकागद हवाच असेल तर तो प्रिंटरमध्ये घालू नका. त्याच्या कडा असमान असतात आणि सुटे तंतू आत राहतात. मजकूर १०० ते १२० जीएसएमच्या कागदावर छापा, तो चारही बाजूंनी ५ मिमी लहान ठेवा आणि हातकागदाच्या घडीत दोऱ्याने बांधा. दोरा घडीभोवती फिरून गाठीला पुरायला प्रत्येकी ४५ सेंमी लागतो, म्हणजे ११० पत्रिकांना जवळपास ५० मीटर. यात गोंद नाही, वाळायची वाट बघणं नाही.

छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून माप १०० टक्के ठेवा, नाहीतर सगळी मापं किंचित आक्रसतात आणि काप चुकतो. मजकूर कडेपासून निदान ७–८ मिमी आत असू द्या. आणि पत्रिकेभोवती चौकट काढू नका. घरच्या प्रिंटरमध्ये कागद एखाद-दोन मिलिमीटर सरकतोच. चौकट नसेल तर ते कळतही नाही. चौकट असली की एका बाजूची पट्टी जाड आणि दुसरीकडची बारीक, आणि बघणाऱ्याची नजर थेट तिथेच जाते. पाठपोट छपाईतही हेच होतं, म्हणून दोन बाजूंची नक्षी एकमेकींशी जुळवावी लागेल असं काही ठेवू नका.

मजकुराचं काम घाईत होतं आणि चुकाही तिथेच राहतात. फाइल पीडीएफ करून, फॉन्ट त्यातच बसवून छापा. दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर जोडाक्षरं फुटण्याचा धोका त्याने टळतो. दोन्ही घरच्या नावांचं ऱ्हस्व-दीर्घ त्या त्या घरून लिहून मागवा, फोनवर ऐकून टाइप करू नका. तारीख आणि वार कॅलेंडरवर जुळवा. छापलेला फोन नंबर कागदावरून बघून खरोखर लावा. क्यूआर कोड असेल तर तो निदान २ सेंमीचा, फिक्या कागदावर गडद आणि चारही बाजूंनी कोरी जागा सोडून छापा, आणि छापलेल्या प्रतीवरूनच दोन वेगवेगळ्या फोनांवर स्कॅन करा. शेवटी, ज्याने मजकूर लिहिलेला नाही अशा कुणाला तरी तो मोठ्याने वाचायला लावा. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही.

हाताच्या खास कामासाठी मी ठसा सुचवेन. जलरंगाचा हात सुंदर दिसतो, पण २०० जीएसएमचा कागद पाण्याने फुगतो आणि साध्या इंकजेटची शाई ओलाव्याने पसरते. ठशाला दोन्ही अडचणी येत नाहीत.

मोठा, मऊ खोडरबर घ्या. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने दोघांची आद्याक्षरं किंवा एखादं पान-फूल काढा. पेन्सिलीची बाजू खोडरबरावर पालथी ठेवून मागून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे ठसा सुलटा उमटतो. मग बारीक कटरने रेघेभोवतीचा भाग काढा. पात्याचं टोक रेघेपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, म्हणजे रेघेची भिंत तळाशी रुंद राहते. टोक रेघेखाली आत कललं तर रेघ तळातून पोखरली जाते आणि दाबाखाली तुटते. 'व', 'म', 'भ' यांच्या पोटातली जागा निदान २ मिमी ठेवा, नाहीतर ती शाईने भरते आणि अक्षर ठिपक्यासारखं दिसतं.

ठसा शाईच्या गादीवर दाबू नका. गादीच हातात घेऊन ठशावर हलकेच तीन-चारदा टेकवा. पत्रिकेखाली पाच-सहा वर्तमानपत्रांची पानं ठेवली की ठसा सगळीकडे सारखा बसतो. पंधरा-वीस ठशांनंतर ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा, कारण खाचांत कागदाची लव आणि शाई साचते. आणि ठसा घडीच्या आधी मारा. घडी घातलेल्या पत्रिकेच्या कडेला कागद दुहेरी-एकेरी होतो आणि ठसा अर्धवट उमटतो.

छापील शीट कापण्याआधी रात्रभर वाळू द्या. काप कात्रीने घेऊ नका. कटर, स्टीलची पट्टी आणि खाली कटिंग मॅट हवी. जो भाग ठेवायचा आहे त्यावर पट्टी ठेवा, म्हणजे पातं घसरलंच तर ते टाकाऊ भागात जातं. दोन पत्रिका अगदी मधून वेगळ्या होत असतील तर मध्ये २–३ मिमीची टाकाऊ पट्टी ठेवून दोन काप घ्या. एका दमात कापायचा हट्ट नको. हलक्या हाताने तीनदा फिरवा. कडेला लव दिसू लागली की पात्याचा पुढचा तुकडा मोडून टाका. बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं.

घडीच्या जागी आधी खाच हवी. शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून दाबून ओढा. खाचेच्या मागच्या बाजूला बारीक उंचवटा येतो. घडी घालताना तो उंचवटा आत राहिला पाहिजे. बरेच जण नेमकं उलट करतात आणि कागद ताणून फाटतो. घडी बसवायला चमच्याची पाठ चालते, मात्र मध्ये साधा कागद ठेवा, नाहीतर घासलेला भाग चमकतो. प्रत्येक वेळी मधली जागा मोजत बसू नये म्हणून जाड पुठ्ठ्यावर दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून कोपरा करा आणि खाच कुठे येते तिथे दोन्ही टोकांना खूण करा. कागद कोपऱ्यात सरकवला की माप आपोआप मिळतं. अर्ध्या तासाचं हे साधन पुढचे कित्येक तास वाचवतं.

काही चिकटवायचंच असेल तर फेविकॉलसारखा पांढरा गोंद टाळा. त्यातल्या पाण्याने तंतू फुगतात आणि कागद लाटांसारखा होतो. डबल साइड टेप लगेच धरते, पण तिला दुसरी संधी नसते. म्हणून आधी एका कोपऱ्याचं आवरण काढून जागा जुळवा आणि मग बाकीचं ओढा.

वेळेचं गणित असं मांडा. पाच पत्रिका पूर्ण करा. पहिल्या दोन सरावाच्या समजून उरलेल्या तिनांची सरासरी काढा. हाताचं काम ८ मिनिटं आलं तर ११० पत्रिकांना १४ तास ४० मिनिटं. दोघं आठवड्यातून तीन संध्याकाळी एक-एक तास बसलात तर आठवड्याला सहा तास होतात, म्हणजे अडीच आठवडे. पत्रिका लग्नाच्या सहा-सात आठवडे आधी निघाव्यात, तेव्हा तुमच्या हाती सहाएक आठवडे आहेत. मजकुराला एक, नमुन्याला एक, कामाला तीन आणि एक हाताशी राखून. सरासरी १५ मिनिटं आली तर जास्त जागू नका, पत्रिकेतून एक गोष्ट कमी करा.

काम टप्प्याटप्प्याने करा. एका संध्याकाळी फक्त काप, दुसऱ्या संध्याकाळी फक्त ठसे. हात एकाच हालचालीला सरावतो आणि पसाराही एकाच प्रकारचा होतो. एकच टेबल आहे, म्हणून सगळं साहित्य झाकणाच्या एका खोक्यात ठेवा आणि तासाभराने ते बंद करा. तयार पत्रिका पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यात, प्लास्टिकमध्ये, वर जड पुस्तक ठेवून आडव्या रचा. दमट हवेत सुट्या पडलेल्या पत्रिका दोन दिवसांत वाकतात. ज्या संध्याकाळी हे काम नाही त्या संध्याकाळी खोकं उघडू नका. लग्नाची बाकीची बोलणी त्या टेबलावर होतातच, निदान रिकामी संध्याकाळ रिकामी राहू द्या.

पत्ता लिहून झाल्यावरच पत्रिका पाकिटात घाला. आत पत्रिका असताना लिहिलं की पेनाचा दाब तिच्यावर उमटतो. लाखेचं सील टपालाच्या यंत्रात तुटतं, ते हातोहात द्यायच्या पाकिटांनाच लावा. आणि पाच नमुन्यांपैकी एक पत्रिका पूर्ण तयार करून, टपाल कार्यालयात वजन करून, स्वतःच्याच पत्त्यावर पाठवा. ती कोणत्या अवस्थेत पोहोचते ते बघूनच उरलेली शीट छापायला घ्या.