जुन्या मोटारींत इनटेक वॉल नुसत्या ओढीनं उघडायचा, मग त्याला कॅम का लावला?

तुम्ही विचारलंय की सुरुवातीच्या गाड्यांत पिस्टन खाली गेला की ओढीनं इनटेक वॉल (हवा-पेट्रोल आत घेणारी झडप) आपोआप उघडायचा, मग एवढं सोपं सोडून कॅमची (वॉल ढकलून उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याची) भानगड कशाला वाढवली. सोलापुरात माझं इंजिनच्या हेडकामाचं छोटं शॉप आहे, दिवसभर वॉल घासणं नि सीट (वॉल बंद होताना टेकतो ती कड) मारणं हेच चालतं, त्यामुळं राहवलं नाही.

सगळी गोम स्प्रिंगमध्ये आहे बघा. एक्झॉस्टला, म्हणजे जळका धूर सोडणाऱ्या वॉलला, कॅम पहिल्यापासून लागायचाच, आतल्या प्रेशरच्या विरुद्ध तो उघडायचा असतो. इनटेक मात्र एका हलक्या स्प्रिंगवर. ती कडक घेतली तर पिस्टन बराच खाली जाईपर्यंत वॉल हलतच नाही, जी ओढ चार्ज (हवा-पेट्रोलचं मिश्रण) आत घ्यायला वापरायची ती स्प्रिंग दाबण्यातच जाते आणि सिलेंडर अर्धपोटी राहतो. नरम घेतली तर उघडतो लवकर पण बंद व्हायला आळस, आरपीएम वाढला की पिस्टन वर निघाला तरी हा उघडाच, घेतलेला चार्ज परत कार्ब्युरेटरकडे. म्हणजे एका स्पीडला जुळवलेली स्प्रिंग दुसऱ्या स्पीडला चुकणारच. वॉल छोटा नि हलका असला की निभतं, डी डिऑन बुटाँ या फ्रेंच कंपनीचं सिंगल सिलेंडर इंजिन १८९० च्या दशकात असंच १५०० आरपीएमला पळायचं, त्या काळात लई झालं की. पण मोठ्या इंजिनाला वॉलही मोठा नि जड, तिथं गाडं अडलं. १९०१ च्या ३५ एचपी मर्सिडीजमध्ये इंजिनिअर मायबाखनं इनटेकही कॅमवर घेतला.

आपल्या लूमवाल्यांना हे पटकन कळेल, तिथंही ताणा वेळेवर वरखाली करायला कॅमच असतो, त्याला तिथं टॅपेट म्हणतात.

कॅम आला की स्प्रिंग बिनधास्त कडक लावा, पण मग कॅम नि टॅपेट (इंजिनात कॅम नि वॉलच्या दांडीमधला तुकडा) झिजणार, आणि गरम झाल्यावर वॉलची दांडी लांबते म्हणून टॅपेट नि दांडीत क्लिअरन्स (थोडी फट) ठेवावा लागतो, त्याची खटखट वेगळी. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी ला तर टॅपेटला ॲडजस्टिंग स्क्रूच नव्हता! स्वस्त पडतं, सैल व्हायलाही काही नाही. पण वॉल घासला की तो सीटमध्ये खाली बसतो, क्लिअरन्स कमी होतो, मग दांडीचं टोक घासून काढायचं, जरा जास्त गेलं की बसा बोंबलत. मला विचाराल तर स्क्रूच बरा.

त्याच गाडीत वॉल सिलेंडरच्या बाजूला होते. वर हेडमध्ये ठेवले तर हवा सरळ जाते, पण त्या वेळचं स्टील कच्चं, एक्झॉस्टचं डोकं तुटलं तर थेट पिस्टनवर, बाजूला असलं की खाली पिस्टनच नाही. साइड वॉल इतकी वर्षं टिकलं त्याचं हे एक कारण.

आणि तुमचा ओढीवरचा वॉल मेलेला नाही बरं का. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हेड कधी उघडलं तर बघा, आत नुसत्या पातळ पत्त्या असतात, कॅम नाही काही नाही. तिथं मोटर एकाच स्पीडला फिरते ना.