'सीडी ..' आणि 'एलएस ..' वेगवेगळी डिरेक्टरी का दाखवतात?

लिनक्समध्ये 'सीडी' डिरेक्टरी (फोल्डर) बदलते, 'एलएस' आतल्या फाइली दाखवते आणि '..' म्हणजे वरची डिरेक्टरी. स्थिती अशी: होममध्ये (तुमच्या स्वतःच्या डिरेक्टरीत) 'काम' नावाची सिम्लिंक, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद आहे, ती '/डेटा/जुने/काम'कडे जाते. 'सीडी काम' करून आत गेल्यावर 'एलएस ..' केलं की '/डेटा/जुने'मधल्या फाइली दिसतात, पण 'सीडी ..' केलं की तुम्ही परत होममध्ये. लिनक्स बिघडलेलं नाही. इथे '..'चा अर्थ लावणारे दोघं आहेत, कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि शेल (तुमच्या कमांड घेणारा प्रोग्रॅम, इथे बॅश), आणि त्यांचं एकमत नाही.

'एलएस' आपला '..' जसाच्या तसा कर्नलकडे देतं. कर्नल पाथचा (फाइलच्या पत्त्याचा) एकेक तुकडा डावीकडून चालत जातो. सिम्लिंक लागली की तिथल्या तिथे तिच्या टोकाला पोचतो, आणि पुढे '..' आलं की त्या टोकाची वरची डिरेक्टरी घेतो. तुम्ही कुठल्या लिंकवरून आत आलात याची नोंद त्याच्याकडे नसते. 'सीडी' मात्र बॅशची स्वतःची कमांड. बॅश आलेला रस्ता 'पीडब्ल्यूडी' व्हेरिएबलमध्ये जपतो आणि '..' म्हटलं की त्यातलं शेवटचं नाव खोडतो. कर्नलच्या हिशोबाने वर जायचं तर 'सीडी -पी ..' (पी कॅपिटल). खरा पत्ता बघायला 'पीडब्ल्यूडी -पी' ही कमांड (इथेही पी कॅपिटल).

घोळ होतो तो फाइल हलवणाऱ्या 'एमव्ही'त. तिथून 'एमव्ही अहवाल ..' केलंत तर फाइल होममध्ये येत नाही, '/डेटा/जुने'मध्ये जाते. मग ती हरवली म्हणून शोधाशोध.

नुसतं नाव खोडणं आणि प्रत्यक्ष चालणं यातला फरक लिंक नसतानाही दिसतो. '/डेटा/नसलेली/../फोटो' लिनक्सवर उघडत नाही, कारण 'नसलेली'त पाय ठेवल्याशिवाय परत फिरता येत नाही. विंडोजवर मात्र असा पाथ सहसा उघडतो. तिथे कर्नलकडे जाण्याआधीच '..' मजकुरातून काढून टाकलेलं असतं. लिनक्सवर रूटच्या (सगळ्यात वरच्या '/' डिरेक्टरीच्या) वर काही नाही, त्यामुळे '/..' म्हणजे पुन्हा '/', जास्तीच्या '../../..'ला एरर येत नाही.

म्हणूनच प्रोग्रॅम लिहिताना, युजरने दिलेला पाथ ठरावीक डिरेक्टरीच्या (समजा '/डेटा/फोटो') आतच आहे का हे तपासायचं तर पायथॉनच्या 'नॉर्मपाथ' फंक्शनवर विसंबू नका, ते फक्त मजकूर खोडतं. लिंका प्रत्यक्ष चालून खरा पाथ देणारं 'रिअलपाथ' घ्या, आणि त्याची सुरुवात '/डेटा/फोटो/' अशी शेवटच्या स्लॅशसकट जुळवा. स्लॅश विसरलात तर '/डेटा/फोटो-खासगी'सुद्धा पास होईल. तपासणं आणि उघडणं यांच्यामध्ये कुणी लिंक बदलू शकत असेल, तर लिनक्स ५.६ पासूनचा 'ओपनअॅट२' हा कर्नलचा कॉल 'रिझॉल्व्ह_बिनीथ' (दिलेल्या डिरेक्टरीबाहेर जाऊ न देणाऱ्या) फ्लॅगसह वापरा.