‘अहो, गप्प बसा, लोक बघतायत’

विमानात कसला वास आला, आवाज खटकला, पंखावर काही वेगळं दिसलं, तर ते केबिन क्रूला सांगावं का? सांगितलं आणि ते काहीच निघालं नाही तर? घाबरट म्हणतील, की उलट आपल्यालाच विमानातून उतरवतील? १२ जून २०२५ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान कोसळलं. आतल्या २४२ जणांपैकी एकच जण वाचला. तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासमोर अनेकांनी मांडला आहे. एका काकांच्या अनुभवातून त्याचं उत्तर देते. लिहायला त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकांचं आयुष्य पिंपरी-चिंचवडच्या एका वाहन कारखान्यात क्वालिटी विभागात गेलं. निवृत्त झाले, मुलगी गुरुग्रामला. भर पावसाळ्यात काका-काकू दोघं पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला निघाले. काकांची जागा डावीकडे, खिडकीशी, पंखाच्या थोडी मागे. विमान वर चढलं तेव्हा त्यांना पंखाच्या मागच्या कडेवरून काहीतरी पातळ ओघळताना दिसलं. ते काकूंच्या कानात म्हणाले, “गळतंय काहीतरी. सांगू का?” काकू म्हणाल्या, “अहो, गप्प बसा, लोक बघतायत.”

काका दिल्लीपर्यंत गप्प बसले. विमान व्यवस्थित उतरलं. उतरताना दारात क्रूने नमस्कार केला, काकांनीही केला, आणि ते बाहेर पडले.

त्यानंतर त्यांची झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची. मोबाइलवर विमानं कुठे उडतायत ते बघत बसायचे. मुलीने पुढचं तिकीट काढायचं म्हटलं की विषय बदलायचे. घरच्यांनी त्याला विमानाची भीती हे नाव देऊन टाकलं आणि त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं. श्वासाचे व्यायाम, मन शांत करण्याची तंत्रं त्यांनी आधीच करून पाहिली होती. उपयोग झाला नव्हता. त्यांना एवढंच विचारलं, “नेमका कोणता विचार येतो पहाटे?” ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, आम्ही उतरलो. पण ते विमान तिथून पुढे दुसऱ्यांना घेऊन गेलं असेल ना?”

ही भीती नव्हती. बोलायचं असून बोललो नाही, याची ती बोच होती. दोन्हींत छाती धडधडते, दोन्हींत झोप जाते, म्हणून गल्लत होते. ज्याला विमानाची भीती आहे त्याला धीर हवा असतो. काकांना “काही होत नाही हो” असं सांगणं म्हणजे त्यांच्या डोळ्यांवर आणि चाळीस वर्षांच्या कामावर अविश्वास दाखवणं होतं. घरचे नेमकं तेच करत होते.

काकूंनाही बोलावलं. त्यांना वाटत होतं, दोष त्यांच्यावर येणार. मी त्यांना फक्त बोलू दिलं. काका सगळीकडे बोलतात, त्या म्हणाल्या. शिवनेरीच्या ड्रायव्हरला वेगावरून, हॉटेलात पाण्याच्या जगवरून, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवरून. भाचीच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात शिरून केटररला गॅसच्या नळीवरून असं झापलं की वरपक्ष गोळा झाला. “मला मेल्याहून मेल्यासारखं झालं,” काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, “पण नळी खरंच चिरलेली होती.”

तिथे मला गाठ सापडली. काकांच्या बोलण्यात माहिती आणि रागावणं एकत्रच बाहेर पडायचं, आणि रागावणं आधी. “तुम्हाला कळत नाही का?” इथून वाक्य सुरू व्हायचं. ऐकणारा बचावाला उभा राहायचा आणि चिरलेली नळी बाजूलाच राहायची. काकूंनी त्यांना गप्प केलं ते या रागावण्याला घाबरून; त्यात माहितीही दबली गेली. याबद्दल मी दोघांपैकी कुणालाच दोषी धरत नाही. आपल्याकडे चारचौघांत तोंड उघडणं म्हणजे तमाशा करणं, हे लहानपणापासून अंगात भिनवलेलं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत माणूस प्रश्नावली भरत बसलाय आणि भिंतीतून धूर येऊ लागतो. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर येऊन सांगितलं. सोबत दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली, तेव्हा सांगणारे उरले १० टक्के. डोळे चोळत, खोकत लोक लिहीत राहिले, कारण शेजारचे शांत होते. विमानात तर शंभर-दीडशे माणसं शांत बसलेली असतात.

काकांना मी दोन अपघातांबद्दल सांगितलं. घाबरलेल्या माणसाला अपघात सांगणं मी एरवी टाळते. पण हा माणूस घाबरलेला नव्हता, त्याला आपल्या मौनाचा अर्थ लावायचा होता.

८ जानेवारी १९८९. लंडनहून बेलफास्टला निघालेल्या बोइंग ७३७च्या डाव्या इंजिनाचं एक पातं तुटलं. वैमानिकांचा समज झाला की बिघाड उजव्या इंजिनात आहे. त्यांनी उजवं बंद केलं आणि प्रवाशांना तसं जाहीरही केलं. मागे बसलेल्या कित्येकांनी, क्रूमधल्या काहींनीसुद्धा, आग डावीकडे पाहिली होती. कॅप्टन उजवं म्हणतोय म्हणजे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असणार, असं धरून कुणीच कॉकपिटपर्यंत ते पोहोचवलं नाही. विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळलं. १२६ पैकी ४७ जण दगावले.

दोनच महिन्यांनी, १० मार्च १९८९ला, कॅनडात ड्रायडेनला पंखांवर बर्फ साचलेलं असताना एक विमान उडालं आणि लगेच झाडीत कोसळलं. ६९ पैकी २४ जण गेले. पंखांवरचं बर्फ प्रवाशांना दिसत होतं. त्या प्रवाशांमध्ये दोन व्यावसायिक वैमानिकही होते. बर्फ केबिन क्रूलाही दिसलं होतं. पण पुढे कॉकपिटमध्ये बसलेल्यांना ठाऊक असेलच, असं म्हणून सगळे थांबले. चौकशी आयोगाने या गप्प बसण्याची सविस्तर नोंद घेतली. आज वैमानिक आणि केबिन क्रू यांनी एकमेकांशी मोकळेपणी बोलावं यासाठी जे एकत्र प्रशिक्षण असतं, त्यामागे असे अपघात आहेत.

काका ऐकून म्हणाले, “म्हणजे वैमानिकही गप्प बसले.” त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा सैल झाला.

मग मी त्यांना त्यांच्याच कारखान्यात नेलं. असेंब्ली लाइनवर अँडनची दोरी असते. कामगाराला शंका आली तर त्याने ती ओढायची, सुपरवायझर येऊन बघतो. काकांनी किती पोरांना ती ओढायला शिकवली होती! “शंका चुकीची निघाली तर ओरडायचात का त्यांना?” मी विचारलं. “छे! मग पुढच्या वेळी ओढणारच नाही ना कुणी.” विमानातली दोरी म्हणजे डोक्यावरचं क्रूला बोलवायचं बटण, एवढंच मी म्हटलं. दोरी ओढणाऱ्याने दोष सिद्ध करायचा नसतो.

केबिन क्रूमध्ये बरीच वर्षं काढलेल्या माझ्या एका मैत्रिणीलाही मी विचारलं. ती म्हणाली, काय दिसलं, कुठल्या बाजूला, कितव्या रांगेतून, कधीपासून, एवढं शांतपणे सांगा. “विमान बिघडलंय” असं सांगू नका, तो निष्कर्ष झाला. डावं-उजवं विमानाच्या नाकाकडे तोंड करून मोजायचं. कॉकपिटमधून वैमानिकाला इंजिनं दिसत नाहीत, म्हणून खिडकीतून जे दिसतं त्याला किंमत आहे. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी खिडकीची झडप उघडी ठेवायला सांगतात तेही बाहेरचं दिसावं म्हणूनच. त्या वेळी क्रू स्वतः पट्टा बांधून बसलेला असतो. तेव्हा धूर, आग, जळका वास असेल तर थांबायचं नाही, बटण दाबून मोठ्याने सांगायचं. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये इतर गप्पांना बंदी असते, सुरक्षेच्या माहितीला नाही. बाकी शंका पट्ट्याचा दिवा गेल्यावर सांगितली तरी चालते.

न घाबरण्यासारख्या गोष्टीही तिने सांगितल्या. पावसाळ्यात दमट हवेत एसीच्या झरोक्यांतून पांढरं धुकं येतं. ते थंड हवेतलं बाष्प असतं, त्याला जळका वास नसतो. उड्डाणानंतर इंजिनांचा आवाज एकदम कमी होतो आणि पोटात खड्डा पडतो, कारण त्यांचा जोर ठरवूनच कमी करतात. विमानाच्या पोटाखाली धप्प आवाज येतो तो चाकांचा. एअरबस ए-३२० मध्ये जमिनीवर असताना कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालल्यासारखा आवाज येतो तो हायड्रॉलिकच्या एका भागाचा. पंख वाकतात, ते वाकायलाच हवेत. आणि पावसात उभ्या असलेल्या विमानावरचं पाणी वर गेल्यावर मागे ओघळतं. काकांनी पाहिलं ते बहुधा हेच होतं. पण हे ओळखायची जबाबदारी प्रवाशाची नाही, असंही ती म्हणाली. धुकं वाटलं तरी विचारलेलं क्रूला चालतं. उलट, फोन सीटच्या फटीत पडला तर आपणच सीट पुढेमागे करून शोधायचा, हे तिला फार धोक्याचं वाटतं. बॅटरी चिरडली तर पेट घेते. तिथे हात न घालता बोलवावं. पॉवर बँक गरम झाली, फुगली, तर तेही लगेच सांगावं.

आता उतरवतील या भीतीबद्दल. डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामक संस्थेच्या २०१७च्या नियमात बेशिस्त प्रवाशांचे तीन स्तर आहेत: शाब्दिक त्रास आणि शिवराळपणा, अंगाला हात लावणं, आणि जिवाला धोका होईल असं वागणं. त्यानुसार तीन महिने, सहा महिने आणि दोन वर्षं किंवा जास्त बंदी येऊ शकते. शांतपणे सांगितलेली शंका यात कुठेच बसत नाही. जागेवरून उठून साऱ्या केबिनला ओरडून सांगणं, आपत्कालीन दाराच्या दांड्याला हात लावणं, बॉम्ब हा शब्द थट्टेत काढणं, हे मात्र कधीही करू नये. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये खोट्या धमक्यांनी किती विमानं खोळंबली, हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

काकांनी माझ्यासमोर बसून वाक्य म्हणून पाहिलं. काकू क्रू झाल्या. पहिल्या वेळी “तुम्ही लोक बघत नाही का” आलंच. काकू म्हणाल्या, “हे गाळा.” पुढे ते गळलं. उरलं ते असं: “मॅडम, मी १९ नंबरच्या रांगेत डावीकडे आहे. पंखाच्या मागच्या कडेवरून काहीतरी ओघळताना दिसतंय, विमान उडाल्यापासून. कॅप्टनला कळवाल का?”

नातवाच्या मुंजीला दोघं गेले. परतीच्या विमानात काकांना पंखावर चंदेरी पट्टी चिकटवलेली दिसली, एका कोपऱ्यात सुटल्यासारखी. त्यांनी बटण दाबलं, सांगितलं. मुलीच्या वयाची ती हवाईसुंदरी वाकून खिडकीतून बघून गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, कॅप्टनला कळवलंय, पुण्यात उतरल्यावर इंजिनीअर बघतील. अशी धातूची पट्टी दुरुस्तीत वापरतात हे काकांना मी नंतर सांगितलं. त्या वेळी त्यांना ते ठाऊक नव्हतं.

“पण शेवटी काय निघालं ते कळलंच नाही,” काका म्हणाले. न कळणं सोसायला शिकणं, हे या कामातलं सगळ्यात अवघड. क्वालिटीच्या माणसाला तर फारच, कारण त्याच्या हाती अहवाल येऊन पडायची सवय असते. प्रवाशाचं काम माहिती योग्य हातात देईपर्यंतचं, तपासणी दुसऱ्यांची. त्या रात्री काका झोपले. पुढच्या रात्रीही. अधूनमधून अजून जाग येते, ते लपवत नाहीत.

आणि क्रूने “काही नाही, बसा” म्हणून उडवून लावलं तर? हे बरेच जण विचारतात. तेव्हा वाद घालू नका. केबिनच्या प्रमुखाला बोलावता का, असं विचारा आणि तेच वाक्य पुन्हा सांगा. धूर किंवा जळका वास असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या क्रूलाही सांगा. उतरल्यावर दारात थांबून सांगता येतं. ते विमान पुढे जाणारच असतं. नंतर विमान कंपनीला लिहा, तारीख, विमानाचा क्रमांक, सीट क्रमांक आणि दिसलं तेवढंच. उत्तर नाही आलं तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.